मधमाशीच्या पोटातील बिऱ्हाडकरू

मराठी भाषेने मधमाशीकडून पुष्कळ काम करून घेतले आहे. कुणाला आशेवर झुलवायचे असले म्हणजे आपण त्याला मधाचे बोट लावतो. सभेत कुणी नको तो विषय काढला की मोहोळ उठते. दिवसभर राबणाऱ्या गृहिणीला आणि काटकसरीने संसार करणाऱ्या कारकुनाला मधमाशीचीच उपमा शोभते. आमच्या कवींनी तर भ्रमर आणि मधुकर ह्यांना कमळाभोवती इतके हिंडवले आहे की, वर्गात ते शिकवताना आम्हां प्राध्यापकांची दमछाक व्हावी! परंतु फुलातील रस पिऊन माशी उडाली की कवीचे तिच्याकडे पाहणे संपते. तो रस आणि ते परागकण तिच्या पोटात गेल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न साहित्याने कधी विचारला नाही. तो विचारला शास्त्रज्ञांनी, आणि त्याचे जे उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत हाती आले आहे, ते एखाद्या कादंबरीहून कमी रंजक नाही. शिवाय त्या उत्तरात आपल्या घराशी, आपल्या तान्ह्या बाळाशी आणि आपल्या औषधाच्या कपाटाशी संबंध असलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे हा विषय ठेवण्याचे धाडस करीत आहे.

मानखुर्दची मोहोळे

मध म्हटला की मुंबईकराला महाबळेश्वर आठवते. पण मधमाशी पाहायला तेवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. आमच्या मानखुर्दचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे हार्बर लाइनची गर्दी, शेजारच्या देवनारचा कचऱ्याचा डोंगर आणि वाशीकडे धावणाऱ्या मोटारी उभ्या राहतात. पण स्टेशनच्या पूर्वेला थोडे गेले की ठाण्याची खाडी लागते. ह्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली तिला रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. तिच्या काठाने तिवरांचे रान आहे. तिवराचे फूल दिसायला अगदीच क्षुल्लक, पिवळसर आणि बारीक. पण मधमाशीला रूपापेक्षा रस प्रिय! तिवर फुलले की त्या चिखलातल्या रानात माश्यांची ये-जा सुरू होते.

आपल्याकडे प्रामुख्याने चार जातींच्या माश्या दिसतात. उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे पोळे लोंबकळत असते, ते आग्या माशीचे. झुडपात किंवा गॅलरीतील कुंडीवर तळहाताएवढे नाजूक पोळे असते, ते फुलोरी माशीचे. झाडाच्या ढोलीत अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. महाबळेश्वरच्या लाकडी पेटीत नांदते ती हीच. भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली चिमुकली माशी ती पोया. ह्यांखेरीज युरोपातून आणलेली मेलीफेरा ही पाचवी. तिचा आपल्या देशात यशस्वी प्रवेश १९६०नंतरच्या दशकात हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे झाला आणि आज व्यापारी मधपालनात तिचाच बोलबाला आहे.

मध कोठला, जंतू कोठले?

पुढे जाण्यापूर्वी वाचकांची एक शंका फेडली पाहिजे. माशीच्या आतड्यात जंतू असतात असे म्हटल्याबरोबर एखादी आजी मधाची बाटली फडताळाबाहेर काढील! तसे करू नये. माशीच्या पोटात दोन वेगळी दालने आहेत. पहिली असते मधाची पिशवी. फुलातला रस तिच्यात साठतो, तेथूनच तो माशी पोळ्यात परत ओतते आणि त्याचाच पुढे मध होतो. ह्या पिशवीच्या शेवटी एक झडप असते. जे माशीने स्वतः खायचे तेवढेच झडपेपलीकडे, खऱ्या जठरात आणि आतड्यात जाते. आपल्या गोष्टीतील जंतूंची वस्ती मुख्यतः त्या पलीकडच्या दालनात, आणि तेही अगदी शेवटच्या भागात असते. त्यामुळे मध आणि ही वस्ती ह्यांची गल्लत करण्याचे कारण नाही.

ही वस्ती केवढी मोठी? एका कामकरी माशीचे वजन भरते सुमारे शंभर मिलिग्रॅम. तिच्या मेंदूत सुमारे दहा लाख पेशी असतात. आणि तिच्या आतड्यातील जिवाणूंची संख्या दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जाते! एवढी खानेसुमारी झाली तर तेथे हजारो जातींची खिचडी असेल असे वाटते. माणसाच्या आतड्यात तशी ती असतेच. परंतु माशीच्या पोटात मात्र नऊ-दहाच घराणी नांदतात आणि त्यांतली पाच तर जवळजवळ प्रत्येक कामकरी माशीत सापडतात, मग ती माशी अमेरिकेतली असो वा स्वित्झर्लंडमधली. जुन्या चाळीत जशी तीच चार-पाच कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून असतात, तसा हा प्रकार आहे.

चाळीची रचना

ह्या बिऱ्हाडकरूंची नावे मोठी भारदस्त आहेत. एक स्नॉडग्रासेला आणि दुसरी गिलियामेला. येल विद्यापीठातील वाल्डन क्वाँग आणि नॅन्सी मोरन ह्यांनी हे जिवाणू प्रयोगशाळेत वेगळे वाढवून त्यांचे रीतसर बारसे केले. तो निबंध २०१३ साली छापून आला. मधमाशीची शरीररचना बारकाईने वर्णन करणारे रॉबर्ट स्नॉडग्रास आणि ॲरिझोनातील टूसान येथे मधमाश्यांच्या जंतूंचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या मार्था गिलियम ह्या दोघांची आठवण ह्या नावांनी जपली आहे. ह्या बाईंचे नाव आज जगातल्या कोट्यवधी मधमाश्या पोटात बाळगून हिंडत आहेत. संशोधकाला ह्याहून सुरेख स्मारक ते कोणते?

स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीला अगदी चिकटून राहते. भिंतीतून झिरपणारा प्राणवायू ती वापरून टाकते आणि आतल्या बाजूला प्राणवायूविरहित वातावरण तयार करते. तिच्या अंगावर गिलियामेलाचा थर बसतो. त्याला प्राणवायू फारसा नको असतो. साखर आंबवणे हा त्याचा धंदा. तो साखर आंबवून जी आम्ले सोडतो, त्यांवर स्नॉडग्रासेला जगते. शेजारणीने वाटीभर ताक द्यावे आणि दुसरीने त्याबदली कढीपत्ता द्यावा, असा हा शेजारधर्म आहे. त्याच्याही पुढे, आतड्याच्या अगदी शेवटच्या कोठीत, दही लावणाऱ्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी लॅक्टोबॅसिलस कुळातील दोन घराणी आणि बायफिडोबॅक्टेरियम हे पाचवे घराणे राहते.

ही मंडळी भाडे काय देतात? माशीचे खाणे म्हणजे मध आणि पराग. मध पचायला सोपा. पण परागकणाला कठीण कवच असते. त्याच्या आतल्या भिंतीत पेक्टिन असते, म्हणजे पेरूची जेली जमते ते द्रव्य. माशीला स्वतःला हे पचवता येत नाही. गिलियामेला ते तोडते. काही शर्करा तर अशा आहेत की, त्या साठल्या तर माशीला विषच ठरतात; त्यांचाही निकाल गिलियामेलाचे काही वंश लावतात. शेवटच्या कोठीतील मंडळी परागाचा उरलासुरला चोथा आंबवतात. एका प्रयोगात एकाच पोळ्यातील नव्या माश्यांचे दोन गट केले. एकाला जंतू मिळू दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. खाणे दोघांना एकच. तरी जंतू असलेल्या माश्यांचे वजन अधिक भरले आणि साखरेला त्या अधिक तत्परतेने प्रतिसाद देऊ लागल्या. हा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला.

ह्यांहून मोठे भाडे म्हणजे राखण. भिंतीला घरचे जंतू चिकटलेले असले की बाहेरच्या आगंतुकाला पाय ठेवायला जागा उरत नाही. शिवाय त्यांच्या अस्तित्वाने माशीची रोगप्रतिकारशक्ती जागी राहते. ज्या चाळीत सगळी बिऱ्हाडे भरलेली असतात, दिवसरात्र जाग असते, तेथे चोराची हिंमत होत नाही, तसेच हे.

कोऱ्या पोटाचा जन्म

आता सर्वांत चमत्कारिक गोष्ट. ही बिऱ्हाडे माशीला जन्मतः मिळत नाहीत. अळीचा कोश होतो आणि कोशाची माशी होते, त्या स्थित्यंतरात आतड्याचे जुने अस्तर गळून पडते. मेणाचे झाकण कुरतडून बाहेर येणाऱ्या नव्या माशीचे आतडे जवळजवळ निर्जंतुक, कोऱ्या पाटीसारखे असते. पुढच्या चार-सहा दिवसांत ती पोळ्यावर चालते, कप्पे साफ करते, वडीलधाऱ्या बहिणींच्या अंगाखांद्यावर वावरते आणि ह्या घसटीतून, विशेषतः त्यांच्या विष्ठेच्या सूक्ष्म अंशातून, तिला घरचे जंतू मिळतात. ऐकायला किळसवाणे वाटेल. पण माशीच्या घराण्याचा वारसा हाच आहे. दागिने नाहीत, जमीनजुमला नाही; आहे तो एवढा पोटातला ठेवा. हा ठेवा एका पिढीने दुसरीला द्यायचा तर दोघी काही दिवस एका घरात नांदल्या पाहिजेत. म्हणूनच एकेकट्या राहणाऱ्या माश्यांत अशी ठरलेली वस्ती आढळत नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या मधमाश्या, भुंगेमाश्या आणि पोया ह्यांच्यातच ती आढळते. ह्या नात्याचे मूळ सुमारे आठ कोटी वर्षांइतके जुने असावे, असा संशोधकांचा हिशेब आहे.

आणि ज्याचे बिऱ्हाड त्याच्याच घरी! भुंगेमाशीतील स्नॉडग्रासेला मधमाशीच्या पोटात घातली तर ती तेथे टिकत नाही. सातेरी आणि मेलीफेरा ह्यांची घराणी एकाच नावाची असली तरी वंश निराळे आहेत. जपानमध्ये दोघींची तुलना केली, तेव्हा मेलीफेराच्या पोटात वंशांची विविधता कितीतरी अधिक निघाली. म्हणजे परदेशी माशीवरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष आपल्या सातेरीला जसाच्या तसा लावता येणार नाही.

महाराष्ट्रातला एक रोग

ह्या कथेला आपल्या महाराष्ट्राचा एक अध्याय आहे. पुण्याला १ नोव्हेंबर १९६२ रोजी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. आपल्या सातेरीला कसले जिवाणूजन्य रोग होत नाहीत, ती मोठी काटक, असा त्या वेळी समज होता. १९७१ साली 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील सातेरीच्या वसाहतींत एक नवा जिवाणूजन्य रोग आढळल्याचे त्यात नोंदवले होते. पाश्चात्त्य देशांत तो 'युरोपियन फाउल ब्रूड' म्हणून ओळखला जातो.

हा रोग म्हणजे पोटातल्या दुष्ट बिऱ्हाडकरूचीच कहाणी होय. दाई माशी अळीला जे अन्न भरवते, त्यातून हा जंतू अळीच्या पोटात शिरतो, तेथे बेसुमार वाढतो आणि अळीच्या तोंडचा घास पळवतो. अळी खाते पण उपाशी राहते. मोत्यासारखा तिचा पांढरा रंग पिवळट, मग तपकिरी होतो आणि कप्प्यावर मेणाचे झाकण पडण्यापूर्वीच ती वेडीवाकडी होऊन मरते. महाबळेश्वरच्या डोंगरात ज्यांनी पाच-पन्नास पेट्यांवर मुलांच्या शाळेची फी भागवायची, त्यांच्या घरी असा रोग शिरला म्हणजे काय होत असेल, ह्याची कल्पना वाचकांनी करावी. जांभूळ आणि हिरडा फुलून जातात आणि पेटीत रस आणणारी माशीच उरत नाही.

उपाय म्हणून जगभर प्रतिजैविकांचा, विशेषतः टेट्रासायक्लिन जातीच्या औषधाचा वापर सुरू झाला. साखरेच्या पाकात औषध मिसळून पेटीत ठेवले की झाले! अमेरिकेत तर रोग नसतानाही, होऊ नये म्हणून, ते देण्याची चाल पडली. परंतु औषधाला शत्रू-मित्र कळत नाहीत. २०१७ साली मोरनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, टेट्रासायक्लिन दिलेल्या माश्यांच्या पोटातील घरचे जंतू मोठ्या प्रमाणावर नाहीसे होतात आणि पोळ्यात परत सोडल्यावर त्या इतरांपेक्षा अधिक संख्येने मरतात. मारेकरी असतो सेरॅशियासारखा एखादा संधिसाधू जंतू. एरवी तो माशीच्या पोटात थोडाफार असतोच. चाळ रिकामी झाली की तो मालक होऊन बसतो. २०१० साली युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली, तेव्हाच्या तक्रारींत प्रतिजैविकांच्या अंशाचाही मुद्दा होता. पेटीत टाकलेले औषध मधातही उतरते, हे त्यावरून लक्षात यावे. विषाणूजन्य रोगांवर तर ही औषधे चालतच नाहीत. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड ह्या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुतेक वसाहती उद्ध्वस्त केल्या. तेथे प्रतिजैविक देणे म्हणजे चोर सोडून पहारेकऱ्याला मारणे होय.

दुसरा वार तणनाशकाचा. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतींतील एका विशिष्ट विकरावर आघात करते. ते विकर प्राण्यांत नसतेच. तेव्हा माशीला ह्या औषधापासून भय नाही, असे तर्कशास्त्र होते. तर्क बिनचूक होता. पण त्यात बिऱ्हाडकरू मोजलेले नव्हते! जिवाणूंमध्ये ते विकर असते. २०१८ सालच्या एका अभ्यासात ग्लायफोसेट खाल्लेल्या माश्यांच्या पोटात स्नॉडग्रासेलाची संख्या घटली आणि सेरॅशियाच्या संसर्गाला त्या अधिक बळी पडल्या. शेताच्या बांधावर फवारा मारणाऱ्याला ह्यातले काहीच दिसत नाही. माशी त्या क्षणी मरत नाही. चार दिवसांनी कोठेतरी मरते.

आशेची बाजूही आहे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली स्नॉडग्रासेलाच्या जनुकांत फेरफार करून, तिच्याकरवी माशीला पंख वाकडे करणाऱ्या विषाणूशी आणि व्हरोआ नावाच्या गोचिडीसारख्या कीटाशी लढवून पाहिले. प्रयोगशाळेत तरी त्या माश्या अधिक जगल्या. मात्र हे औषध अजून मधपाळाच्या पेटीपर्यंत पोचलेले नाही.

आपल्या घरापुरते

आता वाचकांनी विचारावे, "हे सारे ठीक, पण आम्ही काय करायचे?" तीन गोष्टी सांगतो.

पहिली, बाळासंबंधी. आपल्याकडे बाळ जन्मले की सोने उगाळून मधाचे बोट चाटवण्याची रूढी आहे. हेतू प्रेमाचा; पण आजच्या ज्ञानाप्रमाणे एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात कधी कधी बोटुलिनम नावाच्या जंतूची बीजे असतात. तुमच्या-माझ्या आतड्यात बिऱ्हाडे भरलेली असल्याने ती बीजे रुजत नाहीत. तान्ह्याचे पोट मात्र नव्या माशीच्या पोटासारखेच. वस्ती अजून बसायची असते. रिकाम्या खोलीत हे बीज रुजते, विष तयार करते आणि बाळ मलूल पडते. शौचाला होत नाही, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही. १९७६ साली अमेरिकेत हा रोग प्रथम ओळखला गेला. घरी मध उकळून ही बीजे मरत नाहीत. आजींची समजूत घालायला नातसुनेला हा परिच्छेद उपयोगी पडला तरी माझे लिहिणे सार्थकी लागले. वर्ष उलटल्यावर आजींनी खुशाल दोन बोटे चाटवावीत.

दुसरी, औषधांसंबंधी. सर्दी-पडशाला, डॉक्टरांना न विचारता, मागच्या वेळच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेण्याची सवय पुष्कळ सुशिक्षित घरांत आहे. माशीच्या पोटात जे घडते ते आपल्या पोटात तंतोतंत तसेच घडते असे नाही. पण घरचे जंतू औषधाने मरतात, हे दोन्हीकडे खरे आहे. खरोखर गरज असेल तेव्हा, डॉक्टरांनी सांगितले तेवढे आणि तितके दिवस औषध घ्यावे.

तिसरी, मोहोळासंबंधी. इमारतीला आग्या मोहोळ लागले की सोसायटीची तातडीची सभा भरते आणि रात्री मशाल किंवा विषारी फवारा आणण्याचा ठराव होतो. भीती खोटी नाही. आग्या माशी चिडली तर प्राणावर बेतू शकते, आणि दाराशी, शाळेशी, रुग्णालयाशी लागलेले पोळे हलवलेच पाहिजे. ते जाणत्या माणसाकडून, माश्या न मारता हलवता येते. पण सातव्या मजल्यावरच्या टाकीखाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या पोळ्याला थोडे दिवस सोसावे. आग्या माशी एके ठिकाणी बारा महिने राहत नाही. फुलोऱ्याचा हंगाम सरला की ती आपण होऊन ठाणे हलवते. विषाचा फवारा मारला तर माश्या मरतात, आणि त्या खालच्या तिवरात, आवारातल्या शेवग्यात आणि पलीकडच्या परसातल्या भोपळ्यावर जे काम करीत होत्या ते थांबते. शिवाय म्हाताऱ्या माश्यांनी तरण्यांना द्यायचा तो पोटातला ठेवाही त्या पोळ्यापुरता संपतो.

मध घेताना तो शक्यतो ज्याच्या पेट्या कोठे आहेत हे सांगता येते अशाकडून घ्यावा. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला २०२२ साली मधाचे गाव म्हणून मान मिळाला. तेथे घरोघर पेट्या आहेत आणि माश्यांची उठबस ठाऊक असलेली माणसे आहेत. पुढच्या सुट्टीत महाबळेश्वरला गेलात तर पॉइंट पाहून उरलेल्या वेळात मांघरला एक चक्कर टाका. पेटीचे झाकण उघडून एखादा मधपाळ चौकट वर उचलील, तेव्हा मुलांना दाखवा: कोशातून नुकती बाहेर आलेली, फिकट, केसाळ, जरा गोंधळलेली माशी थोरल्या बहिणींच्या गर्दीतून वाट काढीत असते. ती त्या वेळी आपली बिऱ्हाडे गोळा करीत असते.